रेस कंडिशन

गेल्या शनिवारी दुपारी टिफोसी घरी आला आणि पुन्हा तेच भांडण झालं.

टिफोसी म्हणजे माझा कॉलेजचा रूममेट. खरं नाव लिहीत नाही, कारण तो हे वाचणार आणि मग फोन करून डोकं खाणार. फेरारीच्या चाहत्यांना इटालियनमध्ये टिफोसी म्हणतात. हा प्राणी मूळचा सांगलीचा, पण वागायचा असा की जणू मोंझाच्या ट्रॅकला लागूनच यांचं घर आहे. हॉस्टेलच्या भिंतीवर घोड्याचं पोस्टर, अंगात लाल टी-शर्ट (तोच, आठवडाभर), आणि रेस हरली की रात्री जेवण बंद. सगळ्या विंगने मिळून त्याचं बारसं केलं होतं.

भांडण कशावरून? तर २०१७ च्या सिंगापूर ग्रां प्रीमध्ये पहिल्या वळणापर्यंत पोचायच्या आत जी धडक झाली, ती कोणाची चूक. हो हो, २०१७. लग्नं झाली, नोकऱ्या बदलल्या, त्या रेसमधले अर्धे ड्रायव्हर रिटायर झाले, पण आमची केस अजून चालूच आहे. आणि यात आम्ही काही जगावेगळे नाही. १९९० च्या धडकेवरून आजही घसा कोरडा करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यातली निम्मी तेव्हा जन्मलेलीही नव्हती.

ज्यांना फॉर्म्युला वनमध्ये काडीचा रस नाही त्यांनी लगेच पळून जाऊ नये. पुढे सॉफ्टवेअर पण आहे, आणि माझी फजिती पण आहे.

तर, १७ सप्टेंबर २०१७, रविवार. मी थर्ड इयरला. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एकच टीव्ही आणि त्या दिवशी चेन्नईला भारत-ऑस्ट्रेलिया वनडे. म्हणजे आम्हा दोघांना रेस दिसायची शक्यता शून्य. पण भारताची बॅटिंग संपली आणि चेन्नईत पाऊस आला. (नंतर ऑस्ट्रेलियाला २१ ओव्हर्समध्ये १६४ करायला दिले आणि आपण ती मॅच जिंकलो.) पब्लिक चहाला पांगलं, रिमोट आमच्या हातात आला. साडेपाचला सिंगापूर लावलं तर तिथेही पाऊस! रात्रीची रेस, दिव्यांचा झगमगाट आणि ओला रस्ता. सिंगापूरला रात्रीच्या रेसची सुरुवात ओल्या ट्रॅकवर होण्याची ती पहिलीच वेळ.

चॅम्पियनशिपमध्ये मर्सिडीजचा हॅमिल्टन फेरारीच्या व्हेटेलपेक्षा फक्त ३ पॉइंटांनी पुढे होता. आणि सिंगापूरचा वळणावळणांचा ट्रॅक फेरारीला मानवणारा. पोलवर व्हेटेल. त्याच्या शेजारी दुसरा, रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टापेन, म्हणजे आमचा माणूस. तिसरा रिकार्डो. चौथा फेरारीचाच किमी रायकोनेन, बरोबर व्हर्स्टापेनच्या मागे. हॅमिल्टन पार पाचवा. टिफोसीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. म्हणे आज उपास आहे.

पाच लाल दिवे लागले, गेले, आणि पुढच्या पाच-सहा सेकंदांत सगळा खेळ खलास.

झालं असं की किमीने कमालीचा स्टार्ट घेतला. चौथ्यावरून सुसाट सुटून तो व्हर्स्टापेनच्या डाव्या बाजूला आला. त्याच वेळी उजवीकडून व्हेटेल व्हर्स्टापेनला अडवायला तिरका डावीकडे सरकत होता. मध्ये व्हर्स्टापेन. दोन फेरारींच्या मध्ये सँडविचमधल्या काकडीसारखा. जागा संपली. व्हर्स्टापेनचं पुढचं चाक किमीच्या मागच्या चाकाला लागलं, किमीची गाडी वळून सरळ व्हेटेलच्या कुशीत घुसली, आणि मग तीच गाडी घसरत पहिल्या वळणावर जाऊन पुन्हा व्हर्स्टापेनवर आदळली. बिचारा अलोन्सो बाहेरच्या बाजूने झकास निघाला होता, त्यालाही प्रसाद मिळाला. व्हेटेल थोडा पुढे गेला, पण गाडीतून पाणी गळत होतं. त्यावरूनच घसरून तो गिरकी खाऊन भिंतीला लागला. पहिला, दुसरा आणि चौथा, तिघेही पहिल्याच लॅपमध्ये बाद. पाचव्या नंबरवरचा हॅमिल्टन मोकळ्या रस्त्याने पुढे आला आणि रेस जिंकला. ३ पॉइंटांची आघाडी २८ झाली.

टिफोसी खुर्चीवर उभा राहिला होता. "मारला! त्या पोरट्याने मारला!" पोरटं म्हणजे व्हर्स्टापेन, तेव्हा वय वर्षं १९. आणि गंमत म्हणजे खुद्द फेरारीच्या ट्विटर अकाउंटवरूनही थोड्या वेळात तेच आलं, की व्हर्स्टापेनने किमीला उडवलं आणि मग किमी व्हेटेलवर गेला. लोकांनी धुतल्यावर टीमने खुलासा केला की आम्ही फक्त काय घडलं त्याचं वर्णन केलं होतं.

मी रिप्ले पाहत होतो. वरून घेतलेल्या शॉटमध्ये अगदी स्वच्छ दिसत होतं. व्हर्स्टापेन जवळजवळ सरळ चाललाय आणि दोन्ही बाजूंनी लाल भिंती त्याच्या अंगावर येताहेत. मी म्हटलं, "अरे तो जाणार कुठे? हवेत?"

टिफोसी म्हणाला, "व्हेटेलने नियमात राहूनच लाइन बदलली. एकदा बाजू बदलायचा हक्क असतो पुढच्याला. सगळेच करतात."

आणि मग मी ते वाक्य बोललो. पुढची कित्येक वर्षं या भांडणात मी ते हुकमाच्या एक्क्यासारखं टाकत आलो. "नियमात असलं म्हणून काय झालं? सरकायच्या आधी बाजूला कोण आहे ते बघायला नको?"

स्टुअर्ड्सनी तिघांनाही बोलावून ऐकून घेतलं आणि निकाल दिला: कोणीही एक ड्रायव्हर पूर्णपणे किंवा मुख्यत्वे दोषी नाही, पुढे कारवाई नाही. साध्या भाषेत, रेसिंग इन्सिडेंट. टिफोसीने याचा अर्थ घेतला की व्हेटेल निर्दोष. मी अर्थ घेतला की व्हर्स्टापेन निर्दोष. दोघांनीही एकमेकांना 'बघ!' म्हटलं.

आता जरा थांबून पहिल्या वळणाचं गणित पाहू. ते पाहिल्याशिवाय यातल्या कोणाबद्दलही बोलणं म्हणजे सोफ्यावर बसून स्टीअरिंग फिरवणं.

ग्रिडवर दोन गाड्यांच्या जागांमध्ये अंतर असतं ८ मीटर. २० गाड्या धरल्या तर पहिल्या आणि शेवटच्या गाडीत जेमतेम दीडशे मीटर. पुढे रेसमध्ये याच गाड्या पाच-पाच किलोमीटरच्या ट्रॅकभर पसरतात, पण पहिल्या वळणाला सगळ्या एकदम पोचतात. २०१० पासून रेसच्या मध्ये पेट्रोल भरता येत नाही, त्यामुळे टाकी काठोकाठ, म्हणजे २०१७ च्या नियमाने १०५ किलोपर्यंत. गाडी सर्वांत जड. टायर आणि ब्रेक पूर्ण तापलेले नाहीत, म्हणजे पकड सर्वांत कमी. २०१७ सालीच गाड्यांची रुंदी १.८ मीटरवरून २ मीटर केलेली, ट्रॅक मात्र होते तेवढेच. आरसा १५ सेंटिमीटर रुंद. (२०२३ मध्ये तो २० सेंटिमीटर केला. इतकी वर्षं त्यात काय दिसत होतं देव जाणे.) पाऊस असेल तर पुढच्या गाडीच्या तुषारांमुळे तेही दिसत नाही. आणि या सगळ्यात प्रत्येकाला माहीत असतं की इथे मिळालेली एक जागा पुढे वीस लॅप झगडूनही मिळणार नाही. आपल्याकडे पाच वाजताच्या सिग्नलला हिरवा दिवा लागल्यावर चार लेनच्या गाड्या पुढच्या दोन लेनच्या पुलावर घुसतात. तेच, फक्त ताशी दोनशेने.

म्हणजे इथे गाड्या धडकतात याचं नवल नाही. रोज धडकत नाहीत याचं आहे.

पण गणित सगळीकडे सारखं असूनही आम्ही चाहते प्रत्येक धडकेला वेगळा न्याय लावतो. शनिवारी टिफोसी आणि मी चहाच्या दुसऱ्या राउंडला हेच मोजत बसलो होतो. आमच्या लक्षात आलं की आपण भांडताना निदान चार वेगवेगळ्या फूटपट्ट्या वापरतो, आणि कुठली वापरतोय ते समोरच्याला सांगत नाही.

पहिली पट्टी हेतूची. १९९०, सुझुका. सेन्ना आणि प्रॉस्ट. आदल्या वर्षी त्याच ट्रॅकवर दोघं धडकले होते, सेन्नाला नंतर बाद ठरवलं आणि प्रॉस्ट चॅम्पियन झाला होता. १९९० ला सेन्ना पोलवर, पण पोलची जागा ट्रॅकच्या मळक्या, कमी पकडीच्या बाजूला. बाजू बदलून द्या म्हणून त्याने मागणी केली, ती मान्य झाली नाही. अपेक्षेप्रमाणे प्रॉस्ट पुढे निघाला, सेन्नाने पहिल्या वळणाला आतून गाडी घातली आणि ब्रेकच मारला नाही म्हणावं तशी ती प्रॉस्टवर गेली. दोघंही वाळूत, सेन्ना चॅम्पियन. शिक्षा शून्य. वर्षभराने, १९९१ चं विजेतेपद घेतल्यावर, त्याने स्वतःच कबूल केलं की ते ठरवून केलं होतं. गंमत बघा, या खेळातल्या पहिल्या वळणाच्या सर्वांत उघड गुन्ह्याला शिक्षा नाही, आणि गुन्हेगार आजही निम्म्या जगाचा देव. माझ्या वडिलांचाही.

दुसरी पट्टी परिणामाची. २०१२, स्पा. ग्रोजाँ उजवीकडे सरकत गेला. हॅमिल्टन तिथे आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही. चाकाला चाक लागलं आणि ग्रोजाँची गाडी उडून अलोन्सोच्या डोक्यावरून गेली. अक्षरशः डोक्यावरून, तेव्हा हेलो नव्हता. ग्रोजाँला एका रेसची बंदी आणि ५०,००० युरो दंड. १९९४ नंतर ड्रायव्हरवर आलेली ती पहिली बंदी. आणि स्टुअर्ड्सनी निकालात हेही लिहिलं की या धडकेमुळे चॅम्पियनशिपचे मुख्य दावेदार रेसमधून बाद झाले. म्हणजे मागच्या नंबरच्या दोन गाड्या ठोकल्या असत्या तर गुन्हा लहान झाला असता का? अलोन्सो तेव्हा आघाडीवर होता. शेवटी ती चॅम्पियनशिप तो व्हेटेलकडून २८१-२७८ अशी हरला. टिफोसी अजूनही ग्रोजाँचं नाव घेत नाही, 'तो फ्रेंच माणूस' म्हणतो.

तिसरी पट्टी फायद्याची. २०२१, हंगेरी. पुन्हा ओला ट्रॅक. बोटासचा ब्रेकिंगचा अंदाज चुकला, तो नॉरिसवर मागून आदळला, नॉरिस व्हर्स्टापेनवर, आणि बोटास स्वतः पेरेझवर. रेड बुलच्या दोन्ही गाड्यांची वाट लागली, आणि बोटास हॅमिल्टनचा टीममेट. मग काय! चॅम्पियनशिपची आघाडी हॅमिल्टनकडे गेली म्हटल्यावर आमच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत सिद्ध झालं होतं की हे मर्सिडीजच्या गॅरेजमध्ये शिजलं. शिक्षा झाली पुढच्या रेसला ग्रिडवर ५ जागा मागे. मीही त्या दिवशी दोन-तीन मेसेज टाकले होते, ते आता वाचवत नाहीत. ओल्या रस्त्यावर सहाव्या गाडीपर्यंतचा कॅरम नेम धरून खेळता येतो असं मानायला फार मोठी श्रद्धा लागते.

आणि चौथी पट्टी नियमाची. समोरच्याला जागा ठेवली होती का, चाक किती पुढे होतं, दिशा किती वेळा बदलली. स्टुअर्ड फक्त ही पट्टी वापरतात (निदान वापरायला हवी), आणि त्यांच्यासमोर प्रश्न एकच असतो, की कोणाला शिक्षा द्यावी इतकी एकट्याची चूक आहे का? पहिल्या लॅपच्या गर्दीत उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं येतं.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. मी टिफोसीला म्हटलं, "अरे, ही तर सरळ सरळ रेस कंडिशन आहे."

सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको. इतरांसाठी: नवराबायकोचं जॉइंट अकाउंट आहे, त्यात दहा हजार. दोघं एकाच क्षणी दोन वेगळ्या एटीएममधून दहा-दहा हजार काढतात. पहिलं मशीन बघतं, शिल्लक दहा, ओके. दुसरं मशीन बघतं, शिल्लक दहा, ओके. दोघंही पैसे देतात. प्रत्येक मशीनचा कोड एकेकटा वाचला तर बिनचूक. चूक आहे ती दोघं एकाच वेळी तिथे पोचण्यात. अशा बगला आमच्यात रेस कंडिशन म्हणतात. (नाव ठेवणारा नक्की रविवारी टीव्हीसमोर बसणारा असणार :-) ) सिंगापूरला नेमकं हेच. व्हेटेलचा कोड बरोबर: शेजारच्याला अडव. किमीचा कोड बरोबर: मोकळी जागा दिसली, घुस. व्हर्स्टापेनचा कोड बरोबर: सरळ जा. तिन्ही एकत्र चालवले की सिस्टिम क्रॅश.

मी भलताच खूश झालो. आठ वर्षांचं भांडण एका वाक्यात मिटवलं होतं.

टिफोसीने बिस्किट चहात बुडवलं, आणि ते बुडून तळाशी जाईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे कोणाचीच चूक नाही?"

"तसंच."

"२०२२ ला पण तू मला फोनवर हेच सांगितलं होतंस. त्या तुझ्या टीममधल्या पोरीच्या वेळी. तेव्हा पण रेस कंडिशन म्हणाला होतास."

मी एकदम गप्प झालो.

ती गोष्ट अशी. तेव्हा मी एका मोठ्या कंपनीत होतो. आमची सिस्टिम रोज रात्री ग्राहकांची स्टेटमेंट्स तयार करायची. रात्री बाराच्या पुढे एकामागून एक जॉब चालायचे. त्यातला एक सफाईचा जॉब माझ्याकडे होता. दिवसभराचे तात्पुरते टेबल्स पुसून टाकायचे, एवढंच त्याचं काम. तो अडीचला चालायचा. माझ्या दुसऱ्या एका रिपोर्टच्या आड यायचा म्हणून मी तो अर्धा तास अलीकडे, दोन वाजता आणला. सगळं रीतसर. तिकीट टाकलं, मॅनेजरचं अप्रूव्हल घेतलं, बदलांच्या कॅलेंडरमध्ये नोंद केली. नियमात.

त्याच रात्री आमच्या टीममधल्या एका मुलीची डेटा हलवायची स्क्रिप्ट होती, दोन वाजता सुरू. तिला नोकरीत आठ महिने झाले होते आणि एकटीने केलेलं तिचं ते पहिलंच मोठं काम. दोनच्या आधी जो जॉब संपायला हवा होता तो दुसऱ्या टीमने थोडा उशिरा सोडला. तिची स्क्रिप्ट ज्या टेबलमधून वाचत होती तेच माझ्या जॉबने पुसलं. अर्धा डेटा गेला, अर्धा राहिला, स्क्रिप्टने एररही दिली नाही. सकाळी हजारो लोकांची स्टेटमेंट्स चुकीची.

डावीकडून एक टीम, उजवीकडून मी, मध्ये ती.

दोन दिवसांनी आरसीएची मीटिंग. आरसीए म्हणजे चुकीचं मूळ शोधायचं, माणूस नाही, असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. पण कॉलवर क्लायंट होता, आणि क्लायंटला मूळबिळ काही नको असतं, एक ओळ हवी असते. स्क्रीनवर ओळ लिहिली गेली की स्क्रिप्टमध्ये डेटा पूर्ण आहे की नाही याची तपासणी नव्हती. मानवी चूक. हे खोटं नव्हतं. तपासणी नव्हतीच. मॅनेजरने विचारलं, "अजून कोणाला काही ॲड करायचंय?" मी कॉलवर होतो, म्यूटवर. माझा बदल आदल्या दिवशीच सकाळी मी लॉगमध्ये पाहिला होता. दोन वाजून शून्य मिनिटं. मला स्वच्छ कळलं होतं काय झालंय ते. पण मनात म्हटलं, आपला बदल तर अप्रूव्ह्ड होता. कॅलेंडरमध्ये होता. कोणी विचारलं तर सांगू की.

कोणी विचारलं नाही.

त्या वर्षी तिचं रेटिंग पडलं. पुढच्या वर्षी ती कंपनी सोडून हैदराबादला गेली. केवळ यामुळेच गेली असं मी म्हणणार नाही, मला तेवढं माहीत नाही. पण त्या मीटिंगनंतर ती टीम कॉलवर फारसं बोलत नसे एवढं मला आठवतं.

त्या रात्री मी टिफोसीला फोन करून हे सांगितलं होतं, पण माझ्या पद्धतीने. टायमिंगचा घोळ झाला रे, रेस कंडिशन, कोणाचीच अशी चूक नाही. आणि शनिवारी तोच माणूस माझ्या समोर बसून चमच्याने बिस्किटाचा गाळ काढत होता.

म्हणाला, "हे बघ, व्हेटेलला शिक्षा झाली नाही हे बरोबरच झालं. मी तर आधीपासून म्हणतोय. पावसात, व्हर्स्टापेनच्या पलीकडची गाडी त्याला दिसणं शक्यच नव्हतं. पण आठ वर्षं माझं डोकं कोणी खाल्लं? नियमात असलं म्हणून काय झालं, बघायला नको? हे कोण म्हणत होतं?"

"मी."

"मग?"

मग काय. व्हेटेलकडे पाच सेकंद होते आणि पंधरा सेंटिमीटरचा आरसा. माझ्याकडे आख्खा आठवडा होता आणि उघडं कॅलेंडर होतं. मी त्यात माझी नोंद टाकली. दुसऱ्या कोणाची आहे का ते पाहिलं नाही. आणि नंतर? नंतर मी फेरारीचं ट्विटर अकाउंट झालो. मधल्यावर बोट दाखवलं गेलं तेव्हा गप्प बसलो, आणि स्वतःला सांगितलं की हे फक्त घटनेचं वर्णन आहे.

एटीएमच्या उदाहरणात मी एक गोष्ट सोयीस्कर गाळली होती. रेस कंडिशन म्हणजे कोणाचाच बग नाही, असं आमच्या धंद्यात कोणी म्हणत नाही. उत्तर ठरलेलं आहे. सामायिक गोष्टीला हात लावायच्या आधी लॉक घ्यायचा. म्हणजे 'मी इथे आहे, जरा थांबा' असं सांगायचं, आणि दुसऱ्याने तसं सांगितलं असेल तर आपण थांबायचं. तो कोणी घेतला नसेल तर तो घ्यायला हवा होता, इतकं साधं. शिक्षा कोणाला द्यायची हा प्रश्न वेगळा, कोणी काय करायला हवं होतं हा वेगळा. स्टुअर्ड पहिल्याचं उत्तर देतात आणि आम्ही चाहते ते दुसऱ्याला चिकटवतो. टिफोसी आणि मी आठ वर्षं दोन वेगळ्या प्रश्नांवर भांडत होतो आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, हे शनिवारी कळलं. कळून फार आनंद झाला असं नाही.

रविवारी सकाळी तिला फोन केला. नंबर जुनाच होता. इकडचं तिकडचं झालं, हैदराबादचं ट्रॅफिक, तिची नवी टीम. मग मी सांगितलं. दोन वाजता माझा जॉब होता, मला तेव्हाच कळलं होतं आणि मी बोललो नाही. एवढं बोलायला मला सातआठ वाक्यं लागली.

ती म्हणाली, "माहीत होतं मला."

"काय?"

"अरे, मी पण लॉग बघितला होता ना. तुझंच नाव होतं तिथे."

मला काय बोलावं सुचेना. विचारलं, मग मीटिंगमध्ये बोलली का नाहीस?

"तू सीनियर. तुझा बदल अप्रूव्ह्ड. माझ्या स्क्रिप्टमध्ये चेक नव्हता हे तर खरंच होतं. मी तुझं नाव घेतलं असतं तर सगळे म्हणाले असते, स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलतेय." मग जरा थांबून, "मला वाटलं होतं तू बोलशील. मीटिंगमध्ये नाही तर निदान नंतर, कॅन्टीनमध्ये वगैरे."

मी सॉरी म्हटलं. ती 'ठीक आहे रे, झालं आता' म्हणाली. तिच्या आवाजावरून ते खरंच ठीक आहे की नुसतं म्हणायचं म्हणून, हे मला कळलं नाही, आणि विचारण्याचा हक्क माझा नाही. ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "आदल्या दिवशी ग्रुपवर नुसतं विचारलं असतंस ना, दोनला कोणाचं काही आहे का, तरी झालं असतं."

तो आरसीए त्या कंपनीच्या कुठल्या तरी फोल्डरमध्ये बंद होऊन पडला असेल. त्यातली ओळ आता बदलणार नाही, आणि तिचं ते रेटिंगही.

असो. संध्याकाळी टिफोसीचा मेसेज आला, 'फोन केलास का?' मी 'हो' लिहिलं. त्यावर त्याने सिंगापूरच्या त्या स्टार्टचा वरून घेतलेला व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, 'तरी पण किमीचा स्टार्ट बघ यार, काय सुटलाय!' खरंच काय सुटला होता. मी चार वेळा पाहिला.

या बुधवारी आमचं रिलीज होतं. मंगळवारी दुपारी मी ग्रुपवर टाकलं, 'उद्या रात्री दोन वाजता कोणाचं काही आहे का?' बारा जणांचे अंगठे आले. तेराव्याने लिहिलं, 'हो, माझं आहे.'

मी माझं तीनवर नेलं.